पार्श्वभूमी : हलत्या माणसाचं स्केच

सांगलीत आज ‘पेन्सिल स्केच काढून मिळेल’ अशी पाटी दिसली, की फोटोवरून काढलेलं, कापसाने शेडिंग घासून गुळगुळीत केलेलं व्यक्तिचित्र समजायचं. त्याला चार-चार दिवस लागतात. शाळकरी पोरांच्या लेखी स्केच म्हणजे स्केचपेन. चित्रकलेच्या वर्गात मात्र दोन मिनिटांत टिपलेल्या, उठत्या-बसत्या माणसाच्या रेषांना स्केच म्हणायचे. पालक ती वही चाळतात आणि विचारतात, ‘पुरं कधी करणार?’ ‘रेखाटन’ म्हणावं तर त्यात पूर्ण चित्रही बसतं. शेवटी ‘रॅपिड’ हे शेपूट जोडून ‘रॅपिड स्केचिंग’ रूढ झालं. स्केच मुळात रॅपिडच असतं, हे कोण कुणाला सांगणार!

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालची. सुरुवातीचा सराव प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, आणि पुतळा काही हलत नाही. हलणारं तर नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही. धावत्या घोड्याचे चारही पाय पोटाखाली असतानाच तो पूर्ण अधांतरी असतो, हे १८७८ साली अमेरिकेतल्या फोटोंनी दाखवलं. तोवर भले भले चित्रकार पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून घोडा उडवत होते. मुंबईत जिवंत मॉडेलवरचा लाइफ क्लास रुजायला १९२० उजाडलं.

सगळ्यांना ठाऊक असलेली चित्रकलेची सरकारी परीक्षा म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट. त्यातल्या स्मरणचित्रात माणसं लागतात. डोळ्यांनी पाहून लक्षात ठेवलेलं काढावं, हा हेतू चांगलाच. पण दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यावर क्लासमध्ये पतंग उडवणारा मुलगा आणि पाणी भरणारी बाई पाठ करून घेतली जाऊ लागली. गुण पडतात, हे खरं. पण मग ते स्मरण कशाचं, हा वाद अजून मिटलेला नाही.

ज्यांना खरंच शिकवायचंय ते पोरं घेऊन मार्केट यार्डात जातात, खोडरबर घरी ठेवून. हळदीचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल दिसला, की आधी मानेपासून टाचेपर्यंत एकच वाकलेली रेघ. मग भार कुठल्या पायावर आहे ते बघायचं. दुसऱ्या पायाची टाच उचललेली असते. तोंड काढायला वेळच नसतो. तोवर तो थप्पीपाशी पोचलेला असतो.