'ग्राइप': मुठीतून पोटात, पोटातून ओठांवर

इंग्रजी मजकुरात 'ग्राइप' हा शब्द कुरकुर या अर्थाने आला की मराठी वाचक थोडा थबकतो, कारण त्याच्या ओळखीचं असतं ते तान्ह्या बाळाचं ग्राइप वॉटर. शब्द एकच आहे. तक्रारीपर्यंत पोचायला मात्र त्याला कित्येक शतकं लागली.

जुन्या इंग्रजीत 'ग्रीपन' म्हणजे घट्ट पकडणं. 'ग्रिप' हा त्याचा सख्खा भाऊबंद, जर्मनमधलं 'ग्रायफेन'ही त्याच कुळातलं. शेक्सपिअरचा मॅकबेथ खंत करतो की, माझ्या डोक्यावर निष्फळ मुकुट ठेवला आणि 'ग्राइप'मध्ये वांझ राजदंड दिला. इथे ग्राइप म्हणजे नुसती मूठ. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये मात्र एका जुन्या गाण्याची ओळ येते, त्यात 'ग्रायपिंग ग्रीफ' काळजाला जखम करतं. पकडणारा हात आता दुःखाचा झाला होता.

तोच हात पोटातही शिरला. आपण ज्याला मुरडा म्हणतो, त्या कळेला इंग्रजीत ग्राइप म्हणू लागले. १६६५च्या प्लेगच्या साथीत लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांची छापील यादी निघायची. तिच्यात प्लेग आणि तापाबरोबर 'ग्रायपिंग इन द गट्स', म्हणजे आतड्यांतला मुरडा, हे मृत्यूचं वेगळं कारण म्हणून नोंदलेलं दिसतं. आज किरकोळ वाटणाऱ्या या शब्दाने त्या काळी माणसं दगावत होती, हे विसरता कामा नये. पुढे १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी लहान मुलांसाठी ग्राइप वॉटर तयार केलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि तेव्हा चक्क मद्यार्कही होता. शेपूच्या बिया म्हणजे आपल्या बाळंतशोपा. त्यामुळे हे विलायती औषध आपल्या घरांना परकं वाटलं नसावं.

पोटातलं ओठांवर आलं ते अमेरिकेत. तिथल्या बोलीत 'बेलीएक', म्हणजे पोटदुखी, हा शब्द तक्रार करण्यासाठी एकोणिसाव्या शतकातच वापरात होता. १९३०च्या दशकात 'ग्राइप'ही त्याच वाटेने गेला आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या तोंडी पक्का बसला. जेवण, रांगा, अधिकाऱ्यांचा तोरा, रजा न मिळणं, सगळ्याबद्दल 'ग्राइप' चाले. 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या सैनिकी वृत्तपत्रात तर अशा पत्रांसाठी 'बी-बॅग' नावाचं सदरच होतं.

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा १९४५चा आहे. युद्ध संपलं, अमेरिकन सैनिक फ्रान्समध्ये अडकून पडले आणि फ्रेंचांवर चिडू लागले. त्यांना गप्प बसवण्याऐवजी सैन्याने एक पुस्तिकाच काढली, '११२ ग्राइप्स अबाउट द फ्रेंच'. सैनिक जे बोलत होते ते एकेक करून छापलं आणि प्रत्येकाखाली उत्तर दिलं. पंचवीस वर्षांत दोनदा आम्ही फ्रेंचांना वाचवायला आलो, या रागाला उत्तर होतं की आपण त्यांना वाचवायला आलोच नव्हतो, धोका आपल्यालाही होता. कुरकुरीला इतक्या गांभीर्याने दिलेलं लेखी उत्तर क्वचितच सापडेल.

आजच्या वापरात 'कम्प्लेंट' आणि 'ग्राइप' यांत स्पष्ट फरक आहे. पोलीस ठाण्यात किंवा ग्राहक आयोगात कम्प्लेंट नोंदवतात. ग्राइप तिथे नेत नाहीत. तो सहकाऱ्यापाशी, कट्ट्यावर, चहाच्या घोटाबरोबर होतो. त्यात चीड असते, पण दाद मिळेलच अशी अपेक्षा नसते. मोबाइलच्या परीक्षणात बॅटरीबद्दल 'माय ओन्ली ग्राइप' असं लिहिलं, की बाकी वस्तू पसंत आहे असं समजावं. आपल्या 'कुरकुरी'च्या हा शब्द जवळ जातो, 'गाऱ्हाण्या'च्या नाही. गाऱ्हाणं ऐकणारा कुणीतरी समोर असावा लागतो, मग तो देव का असेना.

इंटरनेट आल्यावर हा अनौपचारिक शब्द अमेरिकी न्यायालयांतही पोचला. एखाद्या कंपनीवर किंवा व्यक्तीवर टीका करण्यासाठी तिच्याच नावाशी मिळतंजुळतं संकेतस्थळ काढलं, तर त्याला 'ग्राइप साइट' म्हणतात. धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या मतांवर टीका करणाऱ्या एकाने त्यांच्या आडनावात एक अक्षर वाढवून असं संकेतस्थळ काढलं होतं. २००५ साली अमेरिकेच्या फोर्थ सर्किट अपील न्यायालयाने निकाल दिला की, ते फॉलवेल यांचंच आहे असा वाचकांचा गैरसमज होण्याचा संभव नाही आणि त्यामुळे व्यापारचिन्हाचा भंगही होत नाही.