वाळा आणि मधुमालती : बागेसाठी शोभेचे गवत व चढती वेल

वाळा व मधुमालती या महाराष्ट्रातील घरबागांत लावल्या जाणाऱ्या दोन बहुवर्षायू वनस्पती आहेत. वाळा हे ठोंबाने वाढणारे गवत, तर मधुमालती ही काष्ठमय चढती वेल. बागेची कड, कुंपण, रिकामी भिंत किंवा अंगणाचा उतार भरायचा असला की गवत लावावे की वेल, हा प्रश्न येतो. दोन्ही उष्ण हवेत सहज येतात, दोन्हींना सुवास असतो आणि एकदा रुजल्या की वर्षानुवर्षे टिकतात. मात्र वाळ्याचा खरा विस्तार जमिनीखाली होतो, मधुमालतीचा डोक्यावर. फुलांचा विचार करण्याआधी हा फरक पाहावा लागतो.

वाळा (संस्कृत उशीर, हिंदी खस) ग्रॅमिनी कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑयडिस आहे. जुन्या ग्रंथांत तो व्हेटिव्हेरिया या प्रजातीत सापडतो. मूळचा भारतीय उपखंडातला. पाती अरुंद, ताठ, करकरीत कडांची. ठोंब साधारण दीड मीटर उंच होतो आणि फुलोऱ्याचे दांडे त्याहूनही वर जातात. फुलोरा जांभळट तपकिरी, सैल असतो. रोपवाटिकेत वाळा म्हणून गवती चहा हाती पडण्याचे प्रकार होतात. ओळख सोपी आहे: पात चुरगळल्यावर लिंबाचा वास आला तर तो गवती चहा. वाळ्याच्या पातीला सुगंध नसतो, तो सारा मुळांत असतो.

ही मुळेच वाळ्याचे वैशिष्ट्य. बहुतेक गवतांची मुळे वरच्या थरात आडवी पसरतात. वाळ्याची मुळे बारीक, दाट आणि जवळजवळ सरळ खाली उतरणारी असतात. चांगल्या जमिनीत ती दोन-तीन वर्षांत दोन ते तीन मीटर खोल जातात. त्यांची सरासरी ताणशक्ती सुमारे 75 मेगापास्कल, म्हणजे साध्या पोलादाच्या साधारण एक-षष्ठांश, मोजली गेली आहे. ओळीने दाट लावलेले ठोंब एकमेकांना भिडले की वाहते पाणी त्यांतून गाळून पुढे जाते, वेग मंदावतो आणि माती अलीकडे साचते. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातील शेतकरी शेताच्या हद्दीवर वाळा फार पूर्वीपासून लावत आले. 1980च्या दशकात भारतातील पाणलोट प्रकल्पांवर जागतिक बँकेसाठी काम करणाऱ्या जॉन ग्रीनफील्ड व रिचर्ड ग्रिमशॉ यांनी हाच उपाय जगभर नेला. ग्रीनफील्ड यांनी त्याआधी, 1950च्या दशकात, फिजीतील उसाच्या उतारांवर तो वापरून पाहिला होता. कोकण रेल्वेच्या मार्गावरही डोंगरकाप धरून ठेवण्यासाठी वाळ्याची लागवड झाली आहे. घरबागेत एवढ्या मोठ्या कामाची गरज पडत नाही. पण पावसाळ्यात अंगणाची माती रस्त्यावर वाहून जाणाऱ्या घराला वाळ्याची एक ओळ सिमेंटच्या कट्ट्याइतकीच, कधी कधी त्याहून बरी ठरते. कट्टा पाणी अडवतो आणि तुंबवतो. वाळा ते जाऊ देतो.

वाळ्याचे स्थूलमानाने दोन प्रकार. उत्तर भारतीय प्रकार फुलतो, बी धरतो आणि अत्तराच्या दृष्टीने अधिक मोलाचा मानला जातो. दक्षिण भारतीय प्रकार सहसा वांझ असतो, म्हणून तो बियांनी पसरत नाही. बागेसाठी दुसराच घ्यावा. भारताबाहेर पसरलेला बहुतेक वाळा अशाच एका वांझ वाणाचा असल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीतून दिसले. शोभेच्या गवतांची अलीकडची आवड लक्षात घेता ही गोष्ट लहान नाही. रोपवाटिकांत मिळणारे जांभळ्या तुऱ्याचे फाउंटन ग्रास आणि पांढऱ्या पिसाऱ्याचे पंपास ग्रास दिसायला देखणे असते. पण फाउंटन ग्रासची मूळ जात हवाई व कॅलिफोर्नियात बेफाम पसरली, आणि 2017 मध्ये युरोपीय संघाने तिला आक्रमक वनस्पतींच्या यादीत टाकले. कॅलिफोर्नियात पंपासचीही तीच गत आहे. वाळा इथलाच आहे आणि लावला तिथेच राहतो.

लागवड फुटव्यांनी करतात. जून-जुलैत जुना ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचा एक असे तुकडे करावेत, पाती वीतभर ठेवून बाकी छाटावी. कुंपणासाठी 10 ते 15 सेंटीमीटर, निव्वळ शोभेसाठी 60 ते 90 सेंटीमीटर अंतर पुरते. पूर्ण ऊन हवे. आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला लावलेला वाळा मलूल राहतो. पहिले वर्ष पाणी लागते. पुढे तो दुष्काळही सोसतो आणि मोरीच्या पाण्यात पाय रोवूनही उभा राहतो. कोकणात विहिरीच्या, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाळा लावण्यामागचे शहाणपण हेच. वर्षातून एकदोनदा ठोंब जमिनीपासून 30-40 सेंटीमीटरवर कापला की नवी हिरवी पात येते. न कापलेला ठोंब आतून वाळून भकास दिसू लागतो. कोवळी पात गुरे खातात, जून पात आच्छादनाला चालते.

मुळांचे उपयोग मराठी घराला सांगायला नकोत: माठात टाकायची जुडी, उटण्यातली पूड, सरबत, विदर्भातल्या उन्हाळ्यात खिडकीला लावून पाण्याने भिजवायची ताटी आणि नंतर कूलरची जाळी. मुळांपासून ऊर्ध्वपातनाने निघणारे तेल अत्तरात सुगंध टिकवण्यासाठी वापरतात. हैती व जावा ही त्याची मोठी केंद्रे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने धारिणी, केशरी, गुलाबी असे तेलासाठीचे वाण दिले आहेत. पण मुळे काढायची म्हणजे ठोंब उपटायचा, तोही लावल्यापासून दीड वर्षाच्या आसपास. म्हणजे माती धरणारा वाळा वेगळा आणि माठातला वाळा वेगळा. दोन्ही हवे असतील तर काही फुटवे मातीने भरलेल्या गोणीत लावावेत. गोणी फाडली की मुळे अखंड मिळतात.

मधुमालती, म्हणजेच रंगूनची वेल, काँब्रिटेसी कुलातील काँब्रिटम इंडिकम. तिचे जुने नाव क्विस्क्वॅलिस इंडिका. अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा हे तिचे कुलबांधव. (हळदवेलीलाही काही ठिकाणी मधुमालती म्हणतात, तिचे कुल वेगळे, फुले पांढरी-पिवळी आणि झालरीच्या पाकळ्यांची असतात.) मधुमालती आधार मिळाला तर सहा-आठ मीटर सहज जाते, मोठ्या झाडावर त्याहून पुष्कळ वर. तिला ताणे नसतात, भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. पान गळल्यावर देठाचा बुंधा खोडावरच राहतो आणि कडक होऊन आकड्यासारखा काटा बनतो. त्याच्या जोरावर ती आधाराला अडकते. म्हणून कोऱ्या भिंतीवर ती आपण होऊन चढणार नाही, सुरुवातीला बांधून द्यावी लागते. छाटणी करताना हातमोजे का हवेत तेही यावरून कळते.

फुलांचे घोस झुपक्यांनी लोंबतात. फूल सायंकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवसापर्यंत लाल होते, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. बदल केवळ रंगाचा नाही. पांढरे ताजे फूल साधारण आडवे असते, सुगंध रात्री दरवळतो आणि पाच-सात सेंटीमीटर लांब नळीतला मध लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना पोचतो. रंग चढलेली, खाली झुकलेली फुले दिवसा मधमाश्या व फुलपाखरे हेरतात. एवढे असूनही आपल्याकडच्या बागांत फळ क्वचितच धरते, म्हणून अभिवृद्धी छाटकलमाने, दाबकलमाने किंवा मुळांवरच्या धुमाऱ्यांनी करतात. दुहेरी पाकळ्यांचा प्रकारही मिळतो; घोस भरगच्च दिसतात, पण एकेरीची नाजूक ऐट त्याला नाही.

फुले त्याच हंगामातल्या नव्या फांदीवर येतात. थंडी ओसरताना, फेब्रुवारीत, कडक छाटणी केली तर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बहर भरपूर मिळतो. छाटणीचा कंटाळा केला तर खाली नुसती लाकडे आणि फुले थेट दुसऱ्या मजल्यावरच्यांना, अशी स्थिती होते. दाट वेलीत बुलबुल घरटे करतात, तेव्हा कात्री चालवण्यापूर्वी आत डोकावून पाहावे.

दोहोंतून एक निवडताना सामान्यतः जो घोटाळा होतो तो वेलीच्या बाजूने. फुलांवर भाळून रोप आणले जाते, आधाराचा विचार नंतर. बांबूची चौकट दोन पावसाळे टिकते आणि ओल्या पानांच्या भाराने तिसऱ्यात कोसळते. मधुमालतीला लोखंडी पाइपचा मांडव किंवा मजबूत तारेची जाळी आधीच उभी हवी. शेजाऱ्याची हद्द, विजेच्या तारा, पन्हळी यांच्याजवळ ती लावू नये. धुमारे बुंध्यापासून काही फुटांवरही वर येतात, ते वेळीच खणून काढावेत. थोडक्या जागेत सावलीचा मांडव, फाटकावरची कमान किंवा कुरूप भिंतीवरचा पडदा हवा असेल, तर मात्र वाळा तिच्यापुढे निरुपयोगी आहे. तो छातीच्या उंचीपर्यंतच आडोसा देतो आणि छाया कसलीच देत नाही.

उतार, नाल्याची कड, सांडपाण्याची जागा, उन्हाने तापणारे मोकळे अंगण, वर्षातून दोनदाच भेट होणारे गावचे घर या सगळीकडे वाळाच लावावा. गच्चीवर दोन्ही येतात, पण तिथे वाळ्याचे मुख्य बळ, खोली, वाया जाते. मोठ्या पिंपातली मधुमालती कठड्यावर सोडली की जास्त पदरात पडते. आठवड्याची कापाकापी ज्यांना आवडते त्यांना वेल रमवते. ज्यांना आवडत नाही त्यांच्या बागेत वेलच बाग चालवू लागते.

दोन्ही एकत्र लावता येतात. मांडव दक्षिण किंवा पश्चिम बाजूला असेल तर त्याच्या आत वाळा लावू नये, वेल वाढली की तो सावलीत जातो. ओळ मांडवाच्या उन्हाकडच्या अंगाला, वेलीच्या बुंध्यापासून निदान दीड-दोन मीटर दूर धरावी. म्हणजे धुमारे ठोंबात शिरण्याआधी दिसतात आणि वाळा कापताना वेलीच्या बुंध्याला विळा लागत नाही.