आजोबांची पलटण जुन्या पेपरात शोधायची असेल तर

आमचं मूळ काम बाइंडिंगचं. कोर्टाच्या फायली, दुकानांच्या चोपड्या, पोथ्या. जुन्या पेपरांच्या फायली बांधायला घेतल्यावर लोक विचारू लागले, "आमचे आजोबा लढाईत होते, पेपरात नाव सापडेल का?" तेव्हापासून शोधून देण्याचंही काम घेतो. काम देण्याआधी हे पत्रक एकदा वाचा, म्हणजे तुमचे पैसे आणि आमचे डोळे दोन्ही वाचतील.

खरं सांगायचं तर नाव बहुतेक वेळा सापडत नाही. साध्या शिपायाचं किंवा खलाशाचं नाव तेव्हाच्या पेपरात क्वचितच यायचं. पलटण सापडते, जहाज सापडतं, आणि त्यावरून आजोबा कुठल्या महिन्यात कुठे असतील याचा अंदाज बांधता येतो.

म्हणून पहिल्यांदा घरातलं पदक घेऊन या. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक चमकवून आणू नका! चिंच लावून घासलेली पदकं येतात, कड गुळगुळीत झालेली, आणि मग भिंगातूनही काही दिसत नाही.

पलटणीचा नंबर मिळाला तरी एक गोम राहते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या कूट-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढे १९२२ मध्ये सगळे नंबर बदलले. ११० वी झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच बटालियनचे. घरात "एकशे दहावी" म्हणतात आणि पेपरात "तिसरी बटालियन" छापलंय, म्हणून दोन वेगळ्या पलटणी समजू नका.

आता तारखेचं. घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशी ती पेपरात नसते. केसरी तेव्हा आठवड्याला, मंगळवारी निघायचा. कूट पडलं शनिवारी, म्हणजे पहायचा तो २ मे चा अंक आणि त्यापुढचे आणखी दोन-तीन. बातमी तारेने यायची आणि सेन्सॉरच्या हाताखालून जायची.

सेन्सॉर म्हणजे काय, ते एका काकूंच्या कामात आम्हाला नीट कळलं. त्यांचे सासरे मुंबईच्या गोदीत होते. "१५ एप्रिल १९४४ चा पेपर काढा, त्यात सगळं असणार," असं त्यांनी ठामपणे सांगितलं. फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट १४ एप्रिलला दुपारी चारनंतर झाला. जहाजात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा होत्या. आवाज अख्ख्या मुंबईने ऐकला, पण सविस्तर हकीकत बाहेर पाठवायला बातमीदारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. म्हणून काकूंना म्हटलं, एप्रिल राहू द्या, मे काढू. सोन्याच्या विटांबद्दल प्रत्येक घरात एक गोष्ट असते. ती ऐकायला आम्हाला आवडतं, पण शोधात ती धरत नाही.

आपल्या सोलापूरचंच बघा. मिठाच्या सत्याग्रहाच्या चळवळीत इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ मे १९३० ते ३० जून १९३० शहर लष्कराच्या ताब्यात होतं. त्या प्रकरणात ज्यांना फाशी झाली त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. एवढी धरपकड चालू असताना गावातल्या पत्रांनी मोकळेपणाने काय लिहायचं? त्या एकोणपन्नास दिवसांसाठी आम्ही पुण्या-मुंबईचे पेपर आधी उघडतो आणि सोलापूरचे नंतर. कोणी काय छापलं नाही, हेही टिपून ठेवतो.

मूळ अंकच उरला नसेल तर एक आडवाट आहे. इंग्रज सरकारचा भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रांतला मजकूर इंग्रजीत उतरवून वरिष्ठांना पाठवायचा. पत्र नाहीसं झालं, पण त्यातला उतारा सरकारी दप्तरात राहिला, असं पुष्कळदा होतं. उतारा सरकारच्या डोळ्यांनी निवडलेला असतो, एवढं ध्यानात ठेवून वाचायचा.

नौदलासाठी परदेशी पेपरही पाहतो. एमडेन या जर्मन युद्धनौकेने २२ सप्टेंबर १९१४ ला मद्रासवर तोफा डागल्या, पण तिचा शेवट केला ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' या युद्धनौकेने, ९ नोव्हेंबरला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर तिकडचे पेपर फुकट वाचता येतात. ते तुम्ही घरीच करा, त्याचे पैसे आम्हाला कशाला?

संगणकावर शोधताना आजचे शब्द चालत नाहीत. आगबोट, आरमार, पलटण, रूटरची (रॉयटर्स या वृत्तसंस्थेची) तार असं काहीतरी टाकून पहा. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या किनाऱ्यावरच्या तळावर खलाशांचं जे सुरू झालं, ते एका पेपरात संप, दुसऱ्यात बंड. दोन्ही शब्दांनी शोधावं लागतं.

घरातली कात्रणं आणताना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि प्लॅस्टिकमध्ये अडकला की आम्हालाही काही करता येत नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणा. घडी पडली असेल तर तशीच राहू द्या, उलगडायचं आम्ही बघू.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. पुढे तासावर आकारतो, आणि काही सापडलं नाही तरी कुठल्या तारखांचे कुठले अंक पाहिले याची यादी लिहून देतो. गड्ड्याच्या यात्रेत दुकान बंद असतं.