स्ट्रिंगिफाय करून ताडणं म्हणजे डीप इक्वल नव्हे

ट्रिपल इक्वल्स (===) ऑब्जेक्टचा फक्त रेफरन्स बघतं, म्हणजे दोन्हीकडे मेमरीतला तोच ऑब्जेक्ट आहे का एवढंच, हे जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला सांगायला नको. घोळ पुढच्या पायरीवर होतो, आतल्या व्हॅल्यू सारख्या आहेत का (म्हणजेच डीप इक्वल) हे बघताना. कोड रिव्ह्यूत पुन्हा पुन्हा तीच ओळ समोर येते: दोन्ही ऑब्जेक्ट जेसन.स्ट्रिंगिफायमधून (ऑब्जेक्टची जेसन या मजकूर-स्वरूपातली स्ट्रिंग करणारं फंक्शन) काढायचे आणि स्ट्रिंग ताडायच्या. वर "एवढ्याशा कामाला लायब्ररी कशाला?" हे ठरलेलंच.

कारण स्ट्रिंग ताडणं हे लायब्ररीचं काम नाहीच. फास्ट-डीप-इक्वलसारखी लायब्ररी दोन्ही ऑब्जेक्टच्या आत शिरून एकेक व्हॅल्यू समोरासमोर धरते. स्ट्रिंगिफाय आधी डेटा जेसनच्या साच्यात कोंबतं, न बसणारं बदलतं किंवा टाकून देतं, आणि तुम्ही उरलेलं ताडत बसता.

कीजचा (ऑब्जेक्टमधल्या व्हॅल्यूंच्या नावांचा) क्रम बदलला की स्ट्रिंग बदलते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. 'कीज सॉर्ट करू' म्हणून ते विषय मिटवतात. पण ही चूक त्यातल्या त्यात सौम्य. सारख्याला वेगळं म्हटलं, तर बहुतेक वेळा एखादा रेंडर (स्क्रीन पुन्हा रंगवणं) जास्तीचा होतो. धोका उलट दिशेला आहे. वेगळ्याला सारखं म्हटलं की बदल मुकाट गिळला जातो, एररही येत नाही. समजा, फॉर्ममध्ये निवडलेले टॅग एका सेटमध्ये (एकही व्हॅल्यू दोनदा नसलेला संग्रह) ठेवलेत. सेट स्ट्रिंगिफाय केला की हाती येतात नुसते रिकामे महिरपी कंस, आत १ टॅग असो वा १०. युजर टॅग बदलतो, तुलना म्हणते काहीच बदललं नाही, आणि 'सेव्ह'चं बटण बंदच राहतं. मॅपचंही (की-व्हॅल्यूच्या जोड्यांचा संग्रह) तेच. नॅन ('हा नंबर नाही' सांगणारी व्हॅल्यू) आणि इन्फिनिटी दोन्हींचं नल होतं. अनडिफाइन्ड व्हॅल्यूची की गायब होते. डेट आणि त्याच क्षणाची आयएसओ स्ट्रिंग एकच ठरतात. सॉर्ट करून यातलं काहीही सुटत नाही. त्यापेक्षा बिगइंट (खूप मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) परवडला, तिथे निदान एरर तरी येते.

लायब्ररी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. फास्ट-डीप-इक्वलच्या साध्या इम्पोर्टला मॅप आणि सेट कळत नाहीत, दोन वेगळे सेट तीही सारखेच ठरवते. त्यासाठी तिचीच ईएस६ आवृत्ती इम्पोर्ट करावी लागते, आणि तीही सेटमधले ऑब्जेक्ट रेफरन्सनेच बघते. म्हणून माझी पसंती डीइक्वल या लायब्ररीला: तिथे मॅप-सेट मूळ इम्पोर्टमध्येच आहेत, फक्त तिची 'लाइट' आवृत्ती घेऊ नका. कोड नोडवरच (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) चालणार असेल तर लायब्ररीही नको, त्याच्याच यूटिल मॉड्यूलमधलं इजडीपस्ट्रिक्टइक्वल वापरा.