जी-आर-वाय शब्द

जी, आर, वाय या तीन अक्षरांनी संपणारे इंग्रजी शब्द. रोजच्या वापरात त्यांतले ‘अँग्री’ (रागावलेला) आणि ‘हंग्री’ (भुकेला) हे दोनच. उरलेले बहुतेक कालबाह्य, बोलीतले किंवा परभाषांतून आलेले. व्युत्पत्तीने हे शब्द एका कुळातले नाहीत, कारण ‘ग्री’ हा प्रत्ययच नव्हे. ‘अँगर’ हे नाम जुन्या नॉर्समधून (स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतून) आले व त्याला ‘वाय’ लागून ‘अँग्री’ झाला. ‘हंग्री’चे जुन्या इंग्रजीतले रूप ‘हुंग्रिग’. दोन्ही ठिकाणी ग-र हे मूळ शब्दाचे आणि शेवटचा स्वर तेवढा विशेषणाचा. बाकीचे साम्य लेखनापुरते आहे.

या शब्दांकडे लक्ष वेधले ते एका कोड्यामुळे : ‘जी-आर-वायने संपणारे तीन शब्द आहेत, अँग्री व हंग्री हे दोन, तर तिसरा कोणता?’ कोड्याच्या उगमाविषयी एकमत नाही. मेरियम-वेबस्टर या कोशसंस्थेकडे मार्च १९७५ मध्ये आलेले विचारणेचे पत्र हा सामान्यतः सर्वांत जुना पुरावा धरतात. त्या सुमारास न्यूयॉर्क परिसरात कोडे रेडिओवरून पसरले असावे. एका मतानुसार मूळ कोडे शब्दच्छलाचे होते : ‘द इंग्लिश लँग्वेज’ या पदसमूहात तीनच शब्द, म्हणून तिसरा शब्द ‘लँग्वेज’, पुढे तोंडोतोंडी मांडणी बिघडली आणि लोक भलत्याच शब्दाच्या शोधाला लागले. हे स्पष्टीकरण आकर्षक असले, तरी १९७५ च्या मांडणीत तो छल आढळत नाही. तो मागाहून जोडला गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उत्तर म्हणून कोशांतून पुढे आलेल्या शब्दांत ‘पग्री’ आपल्याकडच्या वाचकाला लगेच ओळखू येईल. हा हिंदी ‘पगडी’चा इंग्रजी अवतार. यूल व बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात (१८८६) तो स्वतंत्र नोंदीने येतो. मूळ अर्थ पागोटे. पण अँग्लो-इंडियन वापरात टोपीला किंवा शिरस्त्राणाला गुंडाळून टोक मानेवर सोडलेला, उन्हापासून बचाव करणारा पातळ कापडाचा पट्टा, असा अर्थ रूढ झाला. वस्तू आणि तिचे नाव, दोन्ही लंडनच्या रस्त्यांपर्यंत पोहोचल्याचे त्या नोंदीत म्हटले आहे. मात्र या शब्दाची इंग्रजी वर्णलेखने अनेक होती आणि त्यांतली बरीचशी दोन ‘ई’ने संपतात, ‘पग्री’ या गटात बसतो तो एका लेखनापुरता.

‘अ‍ॅग्री’ हा पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः आजच्या घानात, जमिनीत सापडणाऱ्या जुन्या रंगीत काचमण्यांसाठीचा शब्द. इंग्रज प्रवासी बौडिच याने अशांटी राज्यातील वकिलातीच्या वृत्तांतात (१८१९) या मण्यांचे वर्णन केले आहे. मणी कोठून आले आणि शब्दाचे मूळ काय, हे दोन्ही प्रश्न वादग्रस्त आहेत. काही कोशांत तो ‘मणी’ या शब्दाला जोडूनच येतो, म्हणून कोडेप्रेमी त्याला पूर्ण गुण देत नाहीत.

‘ग्राय’ हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सुचवलेल्या दशमान मोजणीतले सर्वांत लहान माप. सेकंदाचे आंदोलन देणाऱ्या लंबकाच्या लांबीचा तिसरा हिस्सा म्हणजे तात्त्विक फूट. तिचा दहावा भाग इंच, त्याचा दहावा रेषा आणि रेषेचा दहावा ग्राय. म्हणजे सुमारे ०.३३ मिमी. हे माप व्यवहारात उतरले नाही.

शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये (बहुधा १६०५ ते १६०८) ‘अन-हंग्री’ हे रूप येते. पण ते भुकेल्याचेच दुसरे रूप असल्याने त्याला वेगळा शब्द मानावे का, हा प्रश्न राहतो. ‘इग्री’ म्हणजे ‘चल, लवकर’. पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये असलेल्या सैनिकांनी तो अरबीतून उचलला. ‘हिग्री-पिग्री’ हा कोरफडीच्या कडू रेचकाच्या ‘हिएरा पिक्रा’ या नावाचा बोलीतला अपभ्रंश. ‘पोडॅग्री’ (संधिवाताचा एक प्रकार), ‘मीग्री’ (कृश दिसणारा) व ‘पॉटिंग्री’ (औषधे बनवण्याचा व्यवसाय) हे कोशांपुरतेच उरले आहेत.

भुकेपोटी चिडलेल्या माणसासाठीचा ‘हँग्री’ हा जोडशब्द ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात जानेवारी २०१८ मध्ये आला. त्याचा वापर निदान १९५६ पर्यंत मागे जातो.