उंचीवरचा ‘न्यूमोनिया’

मुंबईहून विमानाने निघालेला प्रवासी काही तासांत समुद्रसपाटीवरून सुमारे 3,500 मीटर उंचीवरच्या लेहला पोचतो. पहिल्या दिवशी डोके दुखते, भूक मरते, झोप उडते. बहुतेकांचा हा त्रास विश्रांतीने ओसरतो. मोजक्या काही जणांना मात्र दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या सुमारास कोरडा खोकला सुरू होतो, आडवे पडले की धाप लागते, अंगात बारीक ताप असतो आणि पुढे छातीत खळखळ ऐकू येऊन थुंकीत गुलाबी फेस दिसू लागतो. ही लक्षणे ऐकून कोणालाही जिवाणूजन्य न्यूमोनियाच आठवेल, आणि डॉक्टरांनाही कित्येक दशके तोच आठवत होता.

पेरूतील डॉक्टरांनी अँडीज पर्वतातील अशा रुग्णांविषयी स्पॅनिशमध्ये आधीच लिहिले होते, पण जगाचे लक्ष वेधले ते कोलोरॅडोतील डॉक्टर आणि गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांच्या 1960 मधील लेखाने. हृदय ठणठणीत असलेल्या तरुणाच्या फुप्फुसांत केवळ उंचीमुळे पाणी भरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. 1962 च्या युद्धानंतर हजारो भारतीय जवान थेट हिमालयात पोचवले गेले. तेथे विरळ हवेचा त्रास झालेल्या 1,925 जवानांची निरीक्षणे इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केली. आजही या विषयावर लिहिताना त्या कामाचा आधार घ्यावाच लागतो, आणि त्यामागे आपल्या जवानांनी सोसलेला त्रास आहे, याची जाणीव वाचकाला असावी असे मला वाटते.

फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी, तेथील रक्तवाहिन्या आकसतात. न्यूमोनियात ही सोय उपकारक ठरते, कारण रक्त आजारी भागाला वळसा घालून निरोगी भागाकडे जाते. उंचीवर मात्र सगळ्याच फुप्फुसात प्राणवायू कमी असतो. वाहिन्या सर्वत्र पण कमीअधिक आकसतात, फुप्फुसातील रक्तदाब चढतो, आणि जेथे वाट मोकळी राहते तेथील केशवाहिन्यांवर इतका ताण येतो की त्यांतून पाणी, प्रथिने आणि रक्तपेशीही वायुकोशांत झिरपतात. म्हणजे हा प्रथमतः संसर्ग नसून गळती आहे.

याची पडताळणी इटलीतील 4,559 मीटर उंचीवरच्या मार्गेरिता कुटीत झाली. पूर्वी हा त्रास झालेल्यांना 1991 च्या प्रयोगात वर नेले, तेव्हा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेतलेल्या 11 पैकी 7 जणांच्या फुप्फुसांत पाणी झाले. वाहिन्या सैल करणारे निफेडिपिन घेतलेल्या 10 पैकी एकाच्याच. पुढे 2002 मध्ये, आजाराच्या अगदी सुरुवातीला फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात प्रथिने आणि तांबड्या पेशी सापडल्या, पण संसर्गात दिसणारा दाह आढळला नाही.

तरीही खरा न्यूमोनिया उंचीवर होतच नाही असे नाही, आणि सर्दी-खोकल्याचा संसर्ग अंगात असताना वर गेल्यास, विशेषतः मुलांमध्ये, फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे पाहत डॉक्टर प्राणवायू सुरू करतात. गळती असेल तर आकडा सहसा भराभर चढतो, न्यूमोनियात तो रेंगाळतो. शंका उरलीच तर प्रतिजैविकही दिले जाते, पण त्याचा परिणाम दिसण्याची वाट पाहत रुग्णाला वरच ठेवले जात नाही. प्राणवायू चालू ठेवून, शक्यतो चालवत न नेता, त्याला किमान हजार मीटर खाली उतरवतात.