१५ मार्च १९६१ : कॉफीचे मळे, अकरा खुर्च्या आणि गोवा

अंगोला ही पोर्तुगालची आफ्रिकेतली वसाहत. तिचा मुक्तिलढा कधी सुरू झाला, असं विचारलं तर राजधानी लुआंडातले लोक ४ फेब्रुवारी सांगतील. १९६१ साली त्या पहाटे कोयते घेतलेल्या माणसांनी शहरातल्या तुरुंगांवर चाल केली होती. आज तिथे त्या दिवशी सुट्टी असते आणि जुन्या विमानतळाचं नावही ‘४ फेब्रुवारी’च आहे. पण पोर्तुगालची झोप खऱ्या अर्थाने उडाली ती सहा आठवड्यांनी, १५ मार्चला.

त्या दिवशी उत्तर अंगोलातल्या कॉफीच्या मळ्यांवर, वाटेतल्या दुकानांवर आणि सरकारी ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. हत्यार मुख्यतः कोयता, तिकडच्या भाषेत ‘कताना’. रोज ज्याने रान साफ करायचं, तेच हातात. गोऱ्यांच्या गोळ्यांचं पाणी होईल, अशी पुष्कळांची समजूत करून दिलेली होती. उठावामागे होल्डेन रॉबर्टो यांची ‘यूपीए’ (अंगोलाच्या लोकांचा संघ) ही संघटना होती. शेजारचा काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि तिला तिथल्या लिओपोल्डव्हिलमध्ये (आजचं किन्शासा) हक्काचा तळ मिळाला. हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहणारे लोक एकच, बाकाँगो. त्यांचं जुनं राज्य युरोपियनांनी नकाशावर रेघा मारून तोडलेलं. पलीकडे सोयरे स्वतंत्र झाले आणि आपण मात्र वेठीला, ही ठसठस होतीच.

वेठ हा शब्द इथे नेमका बसतो. कागदावर त्याला ‘कंत्राट’ म्हणत. सरकारी अधिकारी गावच्या मुखियाकडे माणसं मागायचा आणि मुखिया ती पुरवायचा. तक्रार करणाऱ्यासाठी ‘पाल्मातोरिया’ असे: भोकं पाडलेली लाकडी थापी, तळहातावर मारायची. पोर्तुगालने १९५१ मध्ये ‘वसाहत’ हा शब्द पुसून ‘सागरपार प्रांत’ असं नाव दिलं खरं, पण पोर्तुगीज नागरिकाचे हक्क मिळालेले आफ्रिकी लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते.

उठावाचं दुसरं अंगही सांगायला हवं. त्यात गोऱ्यांची बायकापोरंसुद्धा मारली गेली. आणि गोऱ्यांहून कितीतरी जास्त संख्येने मारले गेले ते मध्य पठारावरून आणलेले ओविम्बुंदू मजूर. तेही वेठीचेच, फक्त दुसऱ्या जमातीचे. मग पोर्तुगीज विमानं आली, नापाम (आग लावणारे बॉम्ब) आलं, मळेवाल्यांच्या सशस्त्र टोळ्या आल्या. सूड मूळ हल्ल्याच्या कितीतरी पट निघाला आणि लाखाहून अधिक माणसं हद्द ओलांडून काँगोत गेली.

आता त्याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये काय चाललं होतं ते बघू. सुरक्षा परिषदेपुढे अंगोलाचाच ठराव होता. तो लायबेरिया, सिलोन आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाने मांडला होता. तेव्हा परिषदेत अकरा खुर्च्या होत्या आणि ठराव संमत व्हायला सात मतं लागत. बाजूने पाच पडली, विरोधात एकही नाही, आणि सहा जण तटस्थ: ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, इक्वाडोर आणि चँग कै-शेकचं चीन (म्हणजे तैवान). ठराव पडला. तरी लिस्बनला धक्का बसला, कारण पाचांत तीन प्रस्तावकांखेरीज रशिया आणि अमेरिका होते. केनेडींना अध्यक्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि नाटोतल्या मित्राविरुद्ध अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन रशियाबरोबर हात वर करत होते.

त्याच दिवशी लंडनमध्ये राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद भरली होती. वर्णभेदावरून इतरांनी, त्यात नेहरूही होते, इतकं कोंडीत पकडलं की दक्षिण आफ्रिकेच्या व्हेरवुर्ड यांनी सदस्यत्व पुढे चालू ठेवण्याचा अर्जच मागे घेतला. तीन ठिकाणं, एक तारीख. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. उठावाची वेळ मात्र न्यूयॉर्कच्या चर्चेवर नजर ठेवूनच साधलेली असावी, असं मला वाटतं.

पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार नमले नाहीत. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यु मोनीश यांनी त्यांना हटवायचा घाट घातला, तो फसला. सालाझारांनी ते खातं स्वतःकडे घेतलं आणि अंगोलाकडे ‘लवकर आणि जोरात’ फौजा धाडायचा हुकूम सोडला. एप्रिलमध्येच कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची संयुक्त परिषद उभी राहिली. तिच्यात अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्याबरोबर गोव्याच्या संघटनाही होत्या. बार्देशचे आकिनो द ब्रागांसा या कामात होते. पुढे ते मोझांबिकच्या सामोरा माशेल यांचे सल्लागार झाले आणि १९८६ मध्ये त्यांच्याच विमानाच्या अपघातात गेले.

आपल्याकडे १९६१ म्हटलं की आठवतो तो डिसेंबर आणि ऑपरेशन विजय. १८ डिसेंबरला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि सुरक्षा परिषद पुन्हा बसली. युद्धबंदी करा आणि भारताने माघार घ्यावी, असा पाश्चात्त्यांचा ठराव होता. विरोधात चार मतं: लायबेरिया, सिलोन, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि रशिया. बाजूने सात: मार्चमध्ये तटस्थ राहिलेले तेच सहा, आणि सातवी अमेरिका. अकरा खुर्च्यांपैकी नऊ महिन्यांत एकाच खुर्चीने बाजू बदलली होती आणि तिच्यावर तेच स्टीव्हन्सन बसले होते. ठराव अडला तो रशियाच्या नकाराधिकाराने.

दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला. अंगोलाला त्यासाठी ११ नोव्हेंबर १९७५ पर्यंत थांबावं लागलं.